पन्नासच्या आसपास

नोव्हेनाच्या सातव्या संध्याकाळी
दिवाडीच्या कपेलात वीज गेली
आणि फेरीबोटीतून आणलेला माझा जनरेटर
फणसाखाली, तिसऱ्या दोरीला जागा झाला.

ऑर्गनवर एर्मेलिंदाबाई.
जुना ऑर्गन, पोटात दातेरी चाकं;
त्यांची मोटर विजेच्या तालावर चालते.
सेकंदाला पन्नास हेलकावे
तोवरच सा हा सा.

कुणीतरी पाद्रीच्या चहासाठी किटली लावली.
इंजिन दबलं.
मीटर बघायची गरजच पडली नाही,
सूर घसरला,
आणि त्याच्यामागून अख्खं कॉयर,
ओहोटीबरोबर होडी उतरावी तसं,
कुणालाच न कळता.
बाईंनी तेवढी मान वळवली,
दारातून सरळ माझ्याकडे,
जसा काही मी खोटं बोललो होतो.

गव्हर्नरचा स्क्रू पाव आटा फिरवला.
जास्त झाला. बायकांचे आवाज फाटले.
थोडं मागे. आणखी केसभर.
व्होल्टेज सांभाळायला आत एव्हीआर आहे,
रोटरचं चुंबक तो निमूट कमीजास्त करतो.
वेगाचं मात्र माझ्यावर.
शेवटी त्या पुढे वळल्या.

पुढच्या वर्षी कमिटीने इन्व्हर्टर घेतला.
धूर नाही, धडधड नाही, मला बोलावणं नाही.
तरी गेलो, मागच्या बाकावर बसलो.
सूर जागचा हलत नव्हता,
पण त्याच्या आत भुणभुण,
बाटलीत अडकलेली माशी.

"बघ शांबा, दोनशेतीस!"
खजिनदार सिप्रियान मीटर नाचवत होता.
दोनशेतीस, खरंच.
पण माझी लाट चढताना चढते,
तीनशेपंचवीसच्या माथ्याला टेकून
वळते, उतरते, शून्याखाली जाते,
भरतीओहोटीला कोपरे असतात का?
याची मात्र उडी, थांब, शून्य, उलटी उडी;
जिन्यावरून कोणी कपाट ओढत नेतंय.
आकडा बरोबर, अंग चुकीचं.
हे सिप्रियानला कसं सांगू?
त्याला पंखे फिरताना दिसत होते.

मिस्सानंतर बाई पायरीवर थांबल्या.
"तुझं ते फटफट यंत्र आहे रे अजून?"
आहे, म्हटलं. पण ते खालीवर होतं, बाई.
"होऊ दे. मी ऐकत असते."

टेंपोच्या फेरीचे पैसे कमिटी देणार नव्हती.
त्यांनी पर्स उघडली,
सुट्टी नाणी मोजून माझ्या हातावर ठेवली,
एक रुपया जास्तच.