सरकी

दिवाळीनंतर जिन सुरू होतो
आणि मला सुटल्यासारखं वाटतं.
आत शिरलं की सगळ्याच बाया
नाकातोंडाला दुपट्टा गुंडाळतात.
नुसते डोळे उरतात, वीस जोड्या,
त्यातले माझे कोणते
मुकादमालाही कळत नाही.

रुई तरी दुपट्ट्यातून आत येतेच.
संध्याकाळी नळावर
प्रत्येकीच्या ओठावर पांढरी मिशी.
"आली वं पाटलीण!" म्हणून सगळ्या हसतात,
मीही हसते.
धुतल्यावर त्यांची जाते.

पहाटे चार. न्हाणीत झिरोचा बल्ब.
बाबांच्या डब्यातलं ब्लेड
वापरून, पुसून, जसं होतं तसं ठेवते.
बाबा कधी काही बोलले नाहीत.
एकदा फक्त किराण्याच्या चिठ्ठीत
ब्लेडच्या पाकिटापुढे
एकाचे दोन केले होते.

भाऊ प्रज्वल, बारावीत,
हनुवटीला कांद्याचा रस चोळतो,
आरशाशी भांडतो, "येऊनच नाही रायली यार!"
वाटणाऱ्याने घर बरोबर गाठलं,
खोली चुकला.

वणीचे पाहुणे पाहायला आले
तेव्हा मुलाच्या आत्याने
दोन बोटांनी माझी हनुवटी उचलली,
खिडकीकडे वळवली,
ग्रेडर मुठीतला कापूस उजेडात धरतो तशी.
"पोरगी चांगली हाय, पण..."
पाहुणे गेले.
पण राहिला,
पोह्यांच्या बशांशेजारी, कितीतरी दिवस.

बेसन झालं, हळद झाली, दोरा झाला,
कुण्या महाराजाचा अंगारा झाला.
आई दोरीवरचे कपडे मोजायची.
पाचवा महिना कोरडा गेला
तेव्हा तिनं दाराची कडी लावली
आणि हळूच विचारलं,
"कोण हाय?"
"कोणीच नाही वं माय."
ती माझ्या पोटाकडे पाहत राहिली.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या मडावी मॅडम.
हनुवटीकडे पाहिलं न पाहिलं,
पेनचं टोपण काढत म्हणाल्या,
"शेवटची पाळी कधी आली होती?"
एवढ्या वर्षांत
चेहऱ्याच्या खाली कोणी विचारलंच नव्हतं.

पोटावर थंडगार जेल. पडद्यावर
चिरलेलं सीताफळ,
काळ्या बिया कडेकडेने.
"अंडी तयार होतात, बाहेर पडत नाहीत.
हार्मोन्सचा तोल गेलाय.
केस लगेच जाणार नाहीत, आधीच सांगते.
गोळ्या सहा महिने. रोज चालायचं. साखर कमी.
आणि ब्लेडनं जाड होतात हे खोटं आहे, घाबरू नको."

ऑटोत आई गप्प. मग,
"हारमोन म्हंजे भजनातली पेटी का वं?"
"तसंच काही."
"मंग भाता फाटला असन."
हसली. मीही हसले.
पुलापाशी आल्यावर बाहेर बघत म्हणाली,
"म्या तुले, कोण हाय, म्हणून..."
पुढचं वाऱ्यावर गेलं,
की तिनं सोडलंच नाही तोंडातून.

रेच्यातून निघालेली सरकी
मी मुठीत घेऊन पाहते कधीकधी.
एवढं मोठं मशीन,
तरी तिच्या अंगावर बारीक लव उरतेच.
आणि कापूस म्हणजे तरी काय,
बीच्या अंगावरचे केस.
त्यांचे भाव रेडिओवर सांगतात.

ब्लेड अजून चालू आहे.
पाळी दोनदा आली, एकदा चुकली.

या हंगामात खैरीची एक नवी पोरगी आहे.
डबा खातानाही दुपट्टा सोडत नाही,
खालून घास सरकवते,
भिंतीकडे तोंड करून.
आज मी तिच्याजवळ जाऊन बसले.
अंबाडीची भाजी दिली, तिनं घेतली.
हनुवटीकडे पाहिलं नाही.
विचारलं, "शेवटची कधी आली होती, आठवते?"
तेवढ्यात रेचे सुरू झाले,
मला ओरडून पुन्हा विचारावं लागलं.

ती बोटांवर मोजायला लागली.
एक हात संपला.
तिनं दुसरा उघडला.