बाकी

धारवाडच्या सहसंचालक कचेरीत
ही माझी अकरावी खेप.
पिशवीत फाईल, भाकरी,
आणि पाव किलो कुंदा,
कुणाला द्यायचा ते धाडस अजून होत नाही.

खानापुरात मस्टरवर आम्ही नऊ सह्या.
चौघांना अनुदान.
बाकीच्यांना संस्था देईल तेव्हा.
मराठीचे भरमाणी सर निवृत्त झाले
आणि त्यांचं पदही त्यांच्यामागोमाग घरी गेलं.
आता बिर्जेबाई शिकवतात, तासावर.
दिवाळीपासूनचे त्यांचे तास
माझ्या वहीत नुसतेच मांडलेले.
त्या विचारत नाहीत,
म्हणून मी त्यांच्याआधी जिना उतरतो.

अर्ज कानडीत लिहिलाय.
माझी अक्षरं अजून पुरती गोल होत नाहीत.
टेबलापलीकडचा शिवयोगी हिरेमठ हसतो,
एक काना सुधारून देतो,
‘बसा की सर,’ म्हणतो.
त्याची मुलगी हावेरीत अतिथी उपन्यासक.
आठ वर्षं अतिथी!
ताट काही कुणी मांडलं नाही.

दोघं मिळून फाईल चाळतो.
माझा अर्ज त्याची अर्जी,
कचेरी कचेरीच,
मंजूर मंजूरच,
अनुदान तर अक्षरानं अक्षर तेच,
आणि बाकी, बाकी.
पाट्यांवरून एवढी डोकी फुटली,
हे शब्द तेवढे वाटून घ्यायचे राहिले.

‘नाळे बन्नी,’ तो फाईल बांधतो.
याचं मराठी मला लागत नाही.

लोंढ्याला गाडी बराच वेळ थांबते.
भाकरी संपली. कुंदा तसाच.
उद्या बिर्जेबाईंना देईन,
जिन्यात,
थांबून.