ओळख

मंगळवार बाजारात समोरून कुणी आलं
तर मी आधी शेंगाचटणीच्या ढिगाकडे बघते.
ओळख द्यायची की नाही, ते त्यांनी ठरवायचं.
सिव्हिलच्या जिन्यावरल्या खोलीत
चौतीस वर्षं एवढंच शिकले,
किल्ली देताना अंबुजा यमूलला
एवढंच सांगितलं.

एकदा मात्र बोलले.
पूर्व भागातला, यंत्रमागावरचा. नाव विचारू नका.
कंबर तलावाचा विषय त्यानं
दोनदा काढला, अगदी सहज,
जसं कुणी उन्हाबद्दल बोलतं.
तो जिना उतरेपर्यंत
मी त्याच्या भावाला फोन लावला होता.

नियमात बसतं ते. कलमही आहे.
तो वाचला.
आठवड्यानं दारातूनच म्हणाला,
"मॅडम, तुम्हाला सांगितलं होतं.
भावाला नाही."
कलम दाखवता आलं असतं.
मी पंखा बंद केला, का कोण जाणे.
पुन्हा आला नाही.

काल बाजारात तोच.
केस पिकलेले, खांद्यावर नात,
तिचं गारेगार त्याच्या कानावर ओघळत होतं.
मी चटणीकडे बघितलं,
तिखट किती, विचारलं उगाच.

तो शेजारीच थांबला. पाव किलो घेतली.
सुटे नाहीत, दुकानदार कुरकुरला.
त्यानं खिसे चाचपले,
एक, मग दुसरा.

माझ्या मुठीत होते.