फातर

बायण्याला टाकी बघायला गेले तेव्हा
एर्मेलिंदा कुलासोंनी आधी काच दाखवलीच नाही,
बाल्कनीतल्या दोन बादल्या दाखवल्या.
"नुस्तें मेलें. फातर उरले," म्हणाल्या
आणि झग्याची बाही नाकाशी धरली.

टाकी चार फुटी, डाव्या कोपऱ्यात ओरखडा.
नवरा टगबोटीवर होता, जाऊन सात महिने झालेले.
पंप त्यांनी पंधरवड्यापूर्वी बंद केला,
रात्रभर कोणीतरी पाणी पितंय असं वाटे म्हणून.
साडेतीन हजार ठरले. दोनशे कमी पडले,
नंतर देईन म्हटलं.

दगड कुठल्या समुद्रातले, त्यांना ठाऊक नव्हतं.
लग्नाच्याही आधी कुठल्याशा जहाजावरच्या खलाशाने
ओल्या गोणपाटात गुंडाळून दिलेले.
आता तसं कोणी आणत नाही, आणू देतही नाहीत.
मी जास्त विचारलं नाही.

चिखलीच्या लॅबमध्ये मी दिवसभर
लोकांचं रक्त नळ्यांत भरते,
साखर, क्रिएटिनिन, नावापुढे आकडा.
संध्याकाळी घरी येऊन दगडांचं पाणी.
अमोनिया: गडद हिरवा.
माणूस असता तर रात्रीच फोन केला असता.

करायचं ते फार नाही.
दगडाला गोडं पाणी लागू द्यायचं नाही, एकदाही.
बोगमाळोहून कॅनमध्ये भरून आणायचं,
तेही दसऱ्यानंतरचं, त्याआधी समुद्र पातळ असतो.
त्यात एकेक दगड धरून जुन्या टूथब्रशने घासायचा,
सुटेल ते सुटू द्यायचं.
चिकटलेलं सगळं मेलेलंच असतं असं नाही,
पण हे ब्रशला कळत नाही.
मग काळा ड्रम, आत पंप, वर झाकण.
उजेड नको. उजेडाने आधी शेवाळच जागं होतं.
दर आठवड्याला पाणी बदलायचं, हुंगायचं, पुन्हा झाकायचं.
मधल्या दिवसांत पाणी आटतं, मीठ आटत नाही,
तेवढी भर घालायची.

वरच्या मजल्यावरचे शेणवी दोनदा येऊन गेले:
मासळी कुजतेय का हो तुमच्याकडे?
आज सोमवार, म्हटलं, घरात मासळी कुठली.
ते अजूनच गोंधळले.

तिसऱ्या आठवड्यात वीज गेली, नऊ तास.
स्टुलावर बसून मी मगाने पाणी काढत राहिले
आणि वरून सोडत राहिले,
भरभर नाही, श्वासाइतकं.
पहाटे चारला मगातली धार थांबली की
धक्क्यावरचा भोंगा ऐकू येई, बारीक,
आणि मला वाटे, त्यालाही कोणीतरी जागं ठेवतंय.

दोनशे न्यायला एर्मेलिंदा आल्या.
नोटा मोजल्या नाहीत, पर्समध्ये टाकल्या.
झाकण उचलू का, विचारलं.
वास तोवर निम्म्यावर आला होता,
कुजल्याचा मागे पडून ओहोटीचा यायला लागलेला.
त्या वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच.
"बावीस वर्सां ह्या वासाचीं शर्टां धुयलीं हांवें,
आनी दर खेपेक झगडलें."

मी टॉर्च धरला.
एका भोकातून हात बाहेर आला,
दोऱ्याएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा. मग दुसरा.
अंग आतच, नखाएवढं असावं.
ब्रशमधून कसा सुटला, मला सांगता आलं नाही.
खाणं मागतोय का, त्यांनी विचारलं.
चाचपतोय, म्हटलं.
तो परत आत गेला, उजेड लागला होता.

जाताना त्या दारात थांबल्या.
पंप रात्रीही चालू असतो?
असतो.
पर्स उघडली, दोनशेतले शंभर
माझ्या ओल्या हातात ठेवले,
विजेच्या बिलाला.