तिसरं चाक

दुपारी चारला माझी पाळी सुरू होते.
साकोलीच्या रस्त्याला लागून आमचं दुकान,
'लांजेवार मोटार वाइंडिंग', पाटीवरचा 'वा' उडालेला.
मागच्या खोलीत बसून मी
सहाशे किलोमीटर वर फिरणाऱ्या दुर्बिणीची
हजेरी घेते.

आधी अंधाराची चित्रं.
झडप बंद, समोर काहीच नाही,
त्या काहीच-नाहीचे दहा फोटो.
तरी पांढरे ठिपके उमटतात:
काही वैश्विक किरणांचे, येऊन गेलेले,
काही कायमचे. कायमच्यांची यादी माझ्याकडे.
काल चार हजार दोनशे सहा, आज अकरा जास्त.
मग आरसा किती थंड, बॅटरी किती,
वाट दाखवणारा कोणता तारा मध्येच सुटला,
कोणत्या फेरीत चंद्राचा उजेड कडेनं आत शिरला.
रकाने भरायचे, खाली सही: रे. डो. लां.

लाइन जाते. जातेच.
इन्व्हर्टर धरेपर्यंत
दुर्बीण समुद्रावर पोचलेली असते,
तिचं काही अडत नाही.

बाहेर बाबा. मांडीवर जळालेली कॉइल,
तार सोडवताना फेरे मोजतात ओठांनी.
तेव्हा हाक मारली तर ओ देत नाहीत.
गिऱ्हाइकांना ठाऊक आहे, ती थांबतात.
नवी कॉइल भरली की मोटारीच्या पोटात
दोनशेचा बल्ब लावून ठेवतात रात्रभर,
वार्निश सुकावं, ओल निघावी.

मी एकदा सांगितलं, आम्हीही असंच करतो,
महिन्यातून एक दिवस डिटेक्टर गरम करतो,
उणे ऐंशीवरून वीसवर.
खराब ठिपक्यांतले बरेच बरे होतात.
"मंग? ओल निघाल्याबिगर चालते का?"
तिथं ओल नसते, बाबा.
"मंग काहून बरे होतेत?"
मला नीट सांगता येईना.
नीट कुणालाच सांगता येत नाही,
एवढं कबूल करायला मला दोन कप चहा लागला.

तिसरं चाक मार्चपासून कुरकुरतं.
कुरकुरतं म्हणायचं आपलं, ऐकू काही येत नाही,
तेवढ्याच वेगाला थोडा जास्त करंट, इतकंच.
बाबांना आलेख दाखवला.
बराच वेळ पाहत राहिले. मग पेचकस उचलला,
सवयीनं मूठ कानाला लावली
आणि टोक टेकवायला बेअरिंग नव्हतं
म्हणून लॅपटॉपच्या काठावर टेकवलं.
मी हसले नाही.
"ग्रीस एका बाजूले सरकलं असन.
उलटं फिरवून पाहालं का?"

कार्यपद्धतीच्या छत्तिसाव्या पानावर तेच आहे:
वेग शून्यातून उलटा न्यायचा, सावकाश, नऊ वेळा.
मंजुरीही आदल्या रात्रीच आलेली.
मी म्हटलं, कळवते वरच्यांना.

बुधवारी फिरवलं.
चाक शून्य ओलांडताना दुर्बीण किंचित थरथरते,
तेवढं निरीक्षण सोडावं लागतं.
एका म्हाताऱ्या ताऱ्याची साडेचार मिनिटं गेली,
ती आता कुणापाशीच नाहीत.

करंट उतरला.
लाखांदूरहून पंप घेऊन आलेल्या माणसाला
बाबा सांगत होते, "पोरीची वरची मोटार
जाम झालती. आता ठीक हाय."
त्यानं वर पत्र्याकडे पाहिलं.

बाराव्या दिवशी आलेख पुन्हा चढला.
मी लिहिलं: चाक तीन, लक्ष ठेवणे.
बाबांना अजून सांगितलेलं नाही.

दुकानात बल्ब लागलाय,
मोटारीच्या पोटातून पिवळा उजेड,
त्यावर बांधीतले तुडतुडे झेपावताहेत.
मी शेवटचं अंधाराचं चित्र उघडलं.
"रेवता, जेवाले चाल. कशी हाय तुझी मोटार?"
मी एकोणिसाव्या ओळीत होते,
ठिपके मोजत, ओठांनी.
ते दारातच थांबले.