सदर तिन्ही नावांची व्यक्ती एकच

घेणाऱ्याच्या वकिलाने यादी पाठवली व्हॉट्सॲपवर,
सतरा कागदांची.
खाली नमस्काराचे दोन हात.

मी कुकरचा खोका काढला.
कुकर बारा वर्षांत गेला, खोका टिकला.
वेऱ्याच्या पावत्या साली लावून सुतळीने बांधलेल्या,
सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पाच शेअर, पन्नास पन्नास रुपयांचे,
कर्ज फिटल्याचं पत्र,
त्याच्या पाठीवर आईच्या पेन्सिलीने एकच शब्द: झालं.
आणि त्याखाली, का कोण जाणे,
दोन किलो तूरडाळीचा भाव.

यादीत नसलेलंही निघालं.
ग्रिलवाल्याची पावती, निम्मे पैसे बाकी.
टेलिफोन एक्स्चेंजचा रात्रपाळीचा पास,
फोटो उंदराने कुरतडलेला.

मांजलपूरचं हे टेनामेंट तिने तिच्या पगारातून घेतलं.
बाबा म्हणायचे, तुझं घर, तूच बघ त्याचे कागद.
चेष्टेत म्हणायचे की रागात,
त्याचा दाखला खोक्यात नाही.

अडलं ते नावापाशी.

अलॉटमेंट लेटरवर ती शरयू चिंतामण दिघे,
नोकरीला लागली तेव्हाची, ऑफिसात तशीच राहिलेली.
कर्जाच्या फायलीत इंदुमती विनायक टिपणीस,
ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहून दिलेली.
आणि वेऱ्याच्या बिलावर इंदुबेन व्ही. टिपनिस,
जिला महापालिकेच्या कुणा कारकुनाने जन्माला घातलं
आणि जिने चाळीस वर्षं, एकदाही न चुकता, वेरा भरला.

पेढीनाम्याला तिला ओळखणारे तीन पंच हवे होते.
शेजारी दोनच उरलेत.
तिसरा कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला.
म्हणाला, मी तर त्यांच्या साड्याच ओळखतो.
पण सही केली, नीट, रेघेवर.

कोर्टाबाहेर हर्षदभाई टाइप करत होता.
मान वर न करता म्हणाला,
बेन, नाम त्रण, पण माणस तो एक ज ने?
मी हो म्हणाले.
स्टॅम्पपेपरवर म्हणाले, ईश्वरसाक्ष म्हणाले,
खोटं निघाल्यास शिक्षेस पात्र राहीन असंही म्हणाले.

मग रिक्षात आठवलं.
सकाळी साडेसहाला पाळीवरून येऊन
दारात एकच चप्पल काढून
दोन मिनिटं तशीच उभी राहायची,
कानांत परगावच्या लाइनी अजून बोलत असल्यासारखी.
आणि सातला पोळ्या लाटताना
बाबांनी इंदू म्हटलं
की दुसऱ्या हाकेला ओ द्यायची.
पहिल्या हाकेला ती कोण असायची,
मी कधी विचारलं नाही.
तेव्हा मला डबा हवा असायचा.

गॅसच्या पुस्तकावर तर नुसतंच सौ. टिपणीस.
ते मी पुढे केलंच नाही.
सतरात ते नव्हतं,
आणि चौथ्या नावाचे हर्षदभाई पन्नास जास्त घेतो.

भावाचं मुखत्यारपत्र कुरिअरने आलं,
त्यात त्याने तिचं नाव विचारून घेतलं होतं.
कुठलं लिहू, ताई?
तिन्ही लिही, म्हटलं. स्वल्पविराम दे.

बानाखतच्या दिवशी घेणारा मुलाला घेऊन आला.
मोठे आत हॉलमध्ये आकडे बोलत होते.
मुलगा मागे टाकीच्या झाकणावर चढला, वाकला,
ओल्या सिमेंटात कधीतरी खिळ्याने कोरलेलं
बोटाने पुसून वाचायला लागला.
श. र. मग बराच वेळ थांबून, यू.

आ कोण? त्याने मला विचारलं.

मी पर्स उघडली,
सवयीने,
ॲफिडेव्हिटची झेरॉक्स काढायला.