कानांवरच्या खुणा

आमच्यात कुणाला विचारत नाहीत, रेनडिअर किती आहेत.
विचारणं म्हणजे परक्याच्या खिशात हात घालणं.
आस्लाकमामा म्हणायचा, "आहेत की,
झाडाच्या या बाजूला थोडे, त्या बाजूला थोडे,"
आणि विषय बर्फात टाकून द्यायचा.

मी पोटासाठी मोजते.
त्रोम्सोच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
जिथे डिसेंबर असो की जून, उजेड सारखाच:
तीन लेझर, निळा, तांबडा, जांभळा.
खारट पाण्याच्या धारेत अजून एक धार,
तिच्यातून पेशी एकीमागे एक
लेझरपुढून जातात, सेकंदाला पाच हजार,
प्रत्येकीचा एक ठिपका पडद्यावर.
धक्काबुक्की झाली तर दोघींचा एकच ठिपका पडतो,
तो टाकून द्यायचा.

सकाळी एका खलाशाच्या मूळपेशी मोजून दिल्या,
त्याच्याच अंगात परत सोडण्याइतक्या जमल्या का बघायला.
मग एका शिक्षिकेच्या तांबड्या पेशी,
ज्यांच्या अंगावरचे नांगर गळून पडलेत,
म्हणून तिची लघवी पहाटे चहासारखी काळी होते.

दोन वाजता मगज आला.
एकोणतिसावा दिवस. नाव नाही,
बारकोड, आणि जन्मसाल.
सहा वर्षं.

मामा धावत्या कळपात, वीस पावलांवरून,
डाव्या कानाचं छाटलेलं टोक बघायचा,
उजव्याच्या खालच्या अंगाच्या दोन खाचा,
आणि ओरडायचा, "निल्साची! ही एलेची! ही आपली!"
मी त्याला एकदा सांगितलं,
पेशींनाही खुणा असतात, फक्त कापलेल्या नाहीत, उगवलेल्या.
आम्ही त्यांना रंग चिकटवतो:
एकोणीस नंबर, दहा नंबर, चौतीस नंबर.
त्याला ते पटलं नाही.
"नंबर कसले? खाचेला नाव असतं."

"आणि बिनखुणेचं पाडस असलं तर?"
"ते कुणाच्या मागे चालतं, ते बघत बसायचं.
घाई करतो तो चोर."

पाच लाख ठिपके.
कोपऱ्यात, जिथे आज कुणी असायला नको,
अकरा.

कदाचित औषधाच्या वणव्यानंतर
राखेतून वर आलेल्या पहिल्या कोवळ्या पेशी.
कदाचित त्याच जुन्या, खूण पुसून आलेल्या.
दोघींच्या अंगावर एकोणीस, दोघींच्या अंगावर दहा.
फरक अडतीसच्या फिकेपणात,
आणि फिकं म्हणजे किती फिकं,
हे माझ्या डोळ्यांनी ठरवायचं.

वरून डॉक्टर सोलफ्रिदचा फोन: "किती?"
मी म्हटलं, थांबा.
"आई दारात उभी आहे, रिस्तिन."
मी म्हटलं, तरी थांबा.

नळीच्या तळाशी उरलं होतं तेही चढवलं.
शेवटी शेवटी यंत्र हवा ओढू लागलं.
दहा लाख.
एकोणीस.

आमच्या वहीत नियम आहे,
वीस ठिपके जवळजवळ असतील तर कळप म्हणायचं.
कुणी लिहिला, कुठल्या टेबलावर बसून,
वीसच का, बावीस का नाही,
मी कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं,
रिकाम्या खोलीला.

मग मोजणं सोडलं आणि नुसती बघत बसले.
सहा ठिपके थोडे पुढे सरकलेले होते,
चौतीस टाकून, विसाची खूण घेऊ लागलेले,
शहाण्या, मोठ्या होणाऱ्या पेशींच्या वाटेवर.
उरलेले तेरा
जागच्या जागी, कुणाच्याच मागे नाहीत.

अहवालात लिहिलं:
मोजता येण्याच्या मर्यादेखाली.
एकोणऐंशीव्या दिवशी पुन्हा पाठवा.
खोटं नाही. खरं म्हणायलाही
हात जड झाला सही करताना.

रात्री मामाला फोन केला.
किती, असं तो विचारणार नव्हताच.
म्हणाला, "आज कुणाचं पाडस होतं?"
"माहीत नाही. बघत बसलेय."

तो बराच वेळ बोलला नाही.
त्याच्याकडे वारा होता,
आणि एक कुत्रं, लांबवर.